न जुळलेल्या ओळी बघा, पैसा तिथेच अडकलेला असतो

मित्रांनो, या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जॉइन शिकलो. दोन टेबल एका समान रकान्यावरून जोडायचे, एवढंच ते. पण कोणता जॉइन? माझं मत ठाम आहे: हिशेब तपासताना दुकानदाराने इनर जॉइनवर थांबू नये, लेफ्ट जॉइन करावा.

का ते बघा. समजा, इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून तुम्ही ५०,००० रुपयांचा माल घेतला. त्यावर १८ टक्के, म्हणजे ९,००० रुपये जीएसटी दिला. बिल तुमच्या खरेदीच्या टेबलमध्ये आहे. पण त्याने ते आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलंच नाही, तर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते येणार नाही. आणि १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. ९,००० रुपये अडकले!

आता खरेदी आणि २बी इनर जॉइनने जोडा. जुळलेली बिलंच दिसतील. हे बिल गुपचूप गळून जाईल आणि तुम्ही म्हणाल, सगळं बरोबर आहे. लेफ्ट जॉइनमध्ये खरेदी डावीकडे ठेवली की तिची प्रत्येक ओळ टिकते. जिथे २बीचा रकाना रिकामा, त्या व्यापाऱ्याला आजच फोन.

जोडताना जीएसटीआयएन आणि बिल नंबर दोन्ही घ्या. १०१ नंबरचं बिल दहा जणांकडे असतं.

एक्सेलवाल्यांनो, व्हीलूकअपमध्ये न सापडल्याचा एरर आला की तो शून्य टाकून झाकू नका. तो एरर म्हणजेच तुमची रिकामी ओळ.

"हे तर सीएचं काम," असं बरेच जण म्हणतात. सीए जुळवून देतील हो, पण त्या व्यापाऱ्याचं पुढचं पेमेंट तुमच्या हातात आहे. बिल दाखवायला तोच तुमचा जोर.

कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. पण उधारी आहे ना? डावीकडे उधारीची बिलं, उजवीकडे जमा. रिकाम्या ओळीतल्या गिऱ्हाइकाने अजून एक रुपयाही दिलेला नाही.

दर महिन्याला १५ तारखेला अर्धा तास काढा. आधी रिकाम्या ओळी बघा, मग नफा मोजा.