जागलीचा रेडिओ पारखून घ्या



जागलीवर रेडिओ ही चैन नव्हे. कापूस वेचणीला, ज्वारी खळ्यावर आणि आभाळ भरलेले. त्यात वीज गेली, मोबाईलचा टॉवर बंद पडला, तर हवामानाची बातमी रेडिओच देईल.

ट्रेव्हर बेलिस या इंग्रजाने १९९१ मध्ये चावीचा रेडिओ काढला, तो आफ्रिकेतल्या वीज नसलेल्या गावांसाठी. आता त्याला सौर पट्टी, बॅटरी, भोंगा जोडून किंमत वाढवतात. भुलू नका. बोटभर पट्टीने सेल सावकाश भरतो. खरा भरवसा हँडलचा. ते मजबूत हवे, सेल बदलता यावा. मिडियम वेव्ह हवीच. एफएम टेकाडाआड अडते. आपल्याच शिवारात स्टेशन लावून पाहा, मगच पैसे मोजा. बैल घेताना दात पाहतो, मग इथे डोळे का मिटायचे?