साडेनऊ लाख लोकांची भाषा, आणि आपण म्हणतो 'बोली'!

कंधमालच्या हळदीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ओडिशातल्या त्या डोंगरांत हळद पिकवणारे कंध आदिवासी घरात 'कुई' बोलतात. आपल्या पत्रकारितेत तिचा उल्लेख आलाच तर 'आदिवासी बोली' म्हणून. मला हे खटकतं.

कुई ओडियाची बोली नाही. ती द्राविडी भाषा आहे, आपल्या गडचिरोलीतल्या गोंडीची नातेवाईक. ख, घ, भ असे हकारयुक्त उच्चार तिच्या मूळ वर्णव्यवस्थेत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ स्वरांनी अर्थ बदलतो. घसा क्षणभर बंद करून काढायचा एक वेगळा आवाज आहे, ज्याला आपल्या वर्णमालेत अक्षरच नाही. तमिळमधलं 'मरम' म्हणजे झाड, त्याचं कुईत 'म्रहनु' झालं. स्वर मागे सरकला आणि सुरुवातीलाच जोडाक्षर आलं. द्राविडी भाषांत हे सहसा सापडत नाही.

आणि एक गंमत बघा. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही', हा फरक मराठीत आहे. कुईतही आहे: 'आजु' आणि 'आमु'. मराठीत तो द्राविडी शेजारातून आला, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे ज्यांना आपण 'बोलीवाले' म्हणतो, त्यांच्या कुळाचं देणं रोज आपल्याच तोंडात आहे!

'पण तिला स्वतःची लिपी कुठंय?' हा प्रश्न ठरलेला. अहो, कुई ओडिया लिपीत लिहितात. देवनागरी तरी एकट्या मराठीची आहे का? हिंदी, नेपाळी त्याच लिपीत चालतात. आणि व्याकरण म्हणाल तर विनफिल्ड यांनी कुईचं व्याकरण १९२८ मध्येच छापलंय.

२०११ च्या जनगणनेत कुई मातृभाषा सांगणारे सुमारे ९ लाख ४२ हजार. संस्कृत सांगणारे २४ हजार ८२१. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, कुई नाही. संस्कृतला काढा असं मी म्हणत नाही, पण मग निकष काय, तेवढं सांगा. ओडिशा मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये कुईची शिफारस केली, पुढचा निर्णय दिल्लीचा. जवळपास ३० लाखांची गोंडीसुद्धा त्याच दारात उभी आहे.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, असं घटनेचं कलम ३५०-अ सांगतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, मीही वाटले. आता गडचिरोलीतल्या गोंडी पोराला पहिलीत कुठल्या भाषेत शिकवतो, यावरही बोलूया की.