आजोबांची बीएसए: भंगार की ‘व्हीए’ नंबर?
गव्हाणच्या एखाद्या पडवीत ब्रिटिश फौजेची ५०० सीसी बीएसए एम२० गंजत पडली असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी थांबा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर.

खरी गोम ‘मूळ रूप’ या शब्दांत आहे. इंजिन आणि फ्रेमवर ठोकलेले नंबर हाच गाडीचा डेटा. चकाचक करायच्या नादात ते घासले गेले, तर पुरावा डिलीट, आणि बॅकअप कुठेच नाही! म्हणून आधी जुनं आरसी बुक शोधा, नंबरांचे फोटो काढा. पॉलिश पेपर नंतर.