पहिलीच्या वर्गात पडणारी नावं

जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग तरुण स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. चोपड्यातही त्याचं कौतुक होतं. पण पहिलीच्या वर्गातच एखाद्याला ‘लंगड्या’, एखादीला ‘मुकी’ हे नाव पडतं, त्याचं काय? २०१६च्या कायद्याने शाळेत भेदभावाविना प्रवेश दिला. शेजारी बसणारा मित्र कायदा देत नाही. तो घरात आणि वर्गात घडतो. लहानांना दयेचे धडे तर नकोतच. व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारायचं, ऐकू न येणाऱ्याशी समोर तोंड करून बोलायचं. सहा वर्षांच्या पोराला हे सहज जमतं. मोठ्यांनाच जड जातं! हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते, मदिनेत अजान देत. मक्तबमध्ये मुलांना हे जरूर सांगा. मग पायऱ्यांशी अडलेल्या सोबत्याला आत कसं आणायचं, तेही त्यांनाच विचारा.