फवारणीचा साबण आणि कपड्याची पूड

हिंजवडीची संगणकनगरी माणच्या शिवारांत पसरली. शिवाजीनगरच्या मेट्रोमार्गाचें एक टोकही माण येथेंच आहे. अशा ठिकाणीं ज्यांच्याजवळ एखाददुसरा एकर शिल्लक आहे, त्यांस कोबी, वांगें, मिरची हींच पिकें परवडतात. त्यांवर मावा पडला कीं पुष्कळजण निंबोळी तेल पाण्यांत मिसळण्याकरितां कपडे धुण्याची पूड वापरतात. ही रीत टाकावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

साबण म्हणजे तेलांतील स्निग्धाम्लांचें लवण होय. कॉस्टिक सोड्यानें घट्ट वडी होते, कॉस्टिक पोटॅशनें मऊ साबण होतो, आणि दोन्हींत ग्लिसरीन सुटें होतें. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञानें 1823 सालच्या ग्रंथांत हें उलगडून दाखविलें. साबणाच्या रेणूचें एक टोक पाण्याशीं व दुसरें तेलाशीं जमवून घेतें, म्हणून निंबोळी तेल पाण्यांत मिसळून राहतें. परंतु पोटॅश साबण हा केवळ मध्यस्थ नव्हे. मावा, पांढरी माशी अशा मऊ अंगाच्या किडीवर तो प्रत्यक्ष पडला तर तिच्या अंगावरील मेण व पेशींचें आवरण बिघडतें आणि ती मरते. वाळल्यावर मात्र त्याचा जोर उरत नाहीं. पानाच्या खालच्या अंगास फवारा पोंचला नाहीं तर श्रम फुकट.

कपड्याच्या पुडींत बहुधा साबण नसतोच. खनिज तेलापासून केलेलीं सल्फोनेटें व धुण्याचा सोडा असतो. कापडाचा मळ काढण्यास तें उत्तम, पण कोवळें पान त्यानें करपतें. (रिठ्याचा फेसही साबणाचा नव्हे, पण तो निराळा विषय.)

तरी लोकांस पूड आवडते याचें कारण आम्ही जाणतों. काळ्या पाषाणांतील बोअरचें पाणी पुष्कळदां जड असतें. त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशीं संयोग पावून न विरघळणारा चोथा करतात, नोझल तुंबतें, आणि दोष साबणास लागतो. बाटलींत पाणी व थोडा साबण घालून हलवावें. गुठळ्या दिसल्या तर पावसाचें सांठविलेलें पाणी घ्यावें.

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें निंब व करंज तेलांचे साबण फवारणीकरितां सिद्ध केले आहेत. सभासदांनीं चार घरें मिळून असा साबण कां करूं नये? एक किलो करंजतेलास सुमारें 180 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक पोटॅश लागतें. प्रमाण किंचित् कमीच धरावें. क्षार उरला तर पान जळतें. पोटॅश पाण्यांत टाकावें, पोटॅशवर पाणी कधींही ओतूं नये, आणि डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे असावेत. लिटरास 10 ग्रॅमहून अधिक साबण नको. आधीं पांचसहा झाडांवर फवारून दोन दिवस पाहावें, मग सायंकाळीं सर्व वाफ्यांवर मारावें. मोरचूद-चुन्याच्या मिश्रणांत हा साबण घालूं नये. चुन्यानें तो तेथेंच फाटतो.