धुळीचा हिशेब कोणी ठेवायचा?

हवेतील अतिसूक्ष्म धूळ मोजण्याची प्रमाण रीत जुनी आहे. पंपाने हवा ओढायची, ती गाळणकागदातून न्यायची आणि काही तासांनी कागदाचे वजन करायचे. ही रीत विश्वासार्ह, पण खर्चिक व संथ. परिणामी मोजणी मोजक्या केंद्रांपुरती उरते. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कारखान्यांत किंवा खंबायतच्या अकीक घासणाऱ्या घरांत कामगाराच्या श्वासातून नेमके काय आत जाते, याची रोजची नोंद कोणाच्याच वहीत नसते.

सूक्ष्मप्रवाह उपकरणांनी येथे एक वाट दाखविली आहे. लहानशा चकतीवर मिलिमीटरच्या अंशाइतके अरुंद मार्ग कोरलेले असतात. त्यांतून वेगाने जाणाऱ्या हवेचा बहुतांश भाग एकदम वळविला जातो. बारीक कण हवेबरोबर वळतात. मोठे कण जडत्वामुळे सरळ पुढे जातात. एस. टी. वळली तरी उभ्या प्रवाशाचे अंग आधीच्याच दिशेला झुकते, तोच हा न्याय. अशा रीतीने 2.5 मायक्रोमीटरहून लहान, फुप्फुसात खोलवर जाणारे कण वेगळे काढून मोजता येतात.

मात्र स्वस्त मोजणी म्हणजे खरी मोजणी नव्हे. अरुंद मार्ग धुळीनेच तुंबू शकतात. कण प्रकाशाच्या साहाय्याने मोजले, तर दमट हवेत ते ओलावा धरून फुगतात आणि आकडा वाढून येतो. गाळणकागदाशी वेळोवेळी पडताळा घेतल्यावाचून अशा आकड्यावर विसंबणे धोक्याचे.

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. चिमणीच्या धुराचा खर्च मालकाच्या नव्हे तर समाजाच्या माथी पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 सालीच दाखविले होते. कारखान्याच्या जमाखर्चात मजुरी, वीज, कच्चा माल सारे असते. कामगाराच्या फुप्फुसाची झीज तेवढी नसते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची खबर देणे बंधनकारक केले होते. पण हा रोग बरा होत नाही. निदान झाल्यावर दिलेली खबर म्हणजे वरातीमागून घोडे. त्याआधीच सावध करू शकेल तो धुळीचा रोजचा आकडा.

म्हणून उपकरणाचा खर्च मालकाने सोसावा, पडताळणी त्रयस्थ प्रयोगशाळेने करावी आणि रोजचा आकडा कामगारांच्या भाषेत कारखान्याच्या दारावर लावावा. मालकाच्या कपाटात बंद राहिलेल्या आकड्याने कोणाचाही श्वास मोकळा होणार नाही.