‘मी सहमत आहे’ आता 22 भाषांत. पण भाषांतर कोणाकडून करून घ्यायचं?

ॲप उघडताना ‘मी सहमत आहे’वर आपण न वाचताच बोट टेकवतो. वरचा मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी 18 महिने मिळाले. कर्जांबाबत हे आधीच सुरू झालंय. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या रिटेल आणि एमएसएमई मुदत कर्जांच्या मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय.

मग हे काम द्यायचं कुणाला? फ्रीलान्स भाषांतरकाराला की भाषांतर कंपनीला?

पैशांचा विचार केला तर फ्रीलान्सर सहसा स्वस्त पडतो. दर शब्दामागे ठरतो, मध्ये कुणी नसतं. कंपनी जास्त घेते. गंमत म्हणजे अनेक कंपन्या तेच काम पुढे फ्रीलान्सरनाच देतात. जास्तीचे पैसे खरं तर दुसऱ्या नजरेचे असतात. आयएसओ 17100 या मानकानुसार भाषांतर दुसऱ्या जाणकारानं मूळ मजकुराशी ताडून पाहावंच लागतं. करारातल्या ‘कन्सिडरेशन’चा अर्थ ‘मोबदला’. घाईत तिथे ‘विचार’ पडला, तर वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ मात्र जातो. अशी चूक लिहिणाऱ्याला स्वतःला क्वचितच दिसते. कंपनी ही तपासणी करणार नसेल, तर जादा दर कशासाठी मोजायचा?

त्यामुळे सांगलीतल्या एखाद्या सहकारी बँकेला फक्त मराठी पत्रकं हवी असतील, तर बँकिंग कळणारा एक फ्रीलान्सर आणि तपासायला दुसरा, एवढं पुरतं. देशभर ग्राहक असलेल्या ॲपला मात्र संथाली, बोडो, डोगरीचे भाषांतरकार एकेक करून शोधत बसणं परवडणार नाही. तिथे कंपनीच बरी.

गोपनीयतेचं काय? यात दोन्हीकडे सारखाच धोका आहे, कारण घाईच्या वेळी मजकूर फुकटच्या ऑनलाइन साधनात टाकण्याचा मोह कुणालाही होतो. त्यातून काय घडतं, हे 2017 मध्ये नॉर्वेत दिसलं. ट्रान्सलेट डॉट कॉम या सेवेत टाकलेले करार, नोकरीवरून काढल्याच्या नोटिसा, पासवर्डसुद्धा गुगलवर शोधता येत होते. त्यात स्टॅटऑइल या बड्या तेल कंपनीचाही मजकूर होता. म्हणून कोणतं साधन वापरायचं आणि काम पुढे कुणाला देता येईल, हे काम देण्याआधीच लेखी ठरवावं लागतं.

शब्दसूचीचंही तेव्हाच ठरवून घेतलेलं बरं. ‘ईएमआय’ला एकदा ‘मासिक हप्ता’ म्हटलं की पुढच्या प्रत्येक पत्रकात तोच शब्द हवा. ही यादी कंपनीकडेच राहिली, तर वर्षभरानं भाषांतरकार बदलताना सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.